स्वस्तातलं कडक चीज आणि अस्सल पार्मिजानो: जास्तीचे पैसे नक्की कशाचे?

कढीलिंब

मंडळी, आमच्या घरात एक वाद बरेच दिवस धुमसतोय, म्हटलं इथे टाकावा.

आम्ही जर्मनीत, स्टुटगार्टजवळ राहतो. इथल्या सुपरमार्केटात कडक चीजच्या कप्प्यात तीन पायऱ्या असतात. सगळ्यात खाली दुकानाच्या स्वतःच्या लेबलचं नुसतं 'इटालियेनिशर हार्टकेझ', म्हणजे नावगाव नसलेलं इटालियन कडक चीज. त्यावर ग्राना पादानो. आणि वरच्या फळीवर पार्मिजानो रेज्जानो, त्यातही २४ महिने, ३० महिने असे शिक्के. खालच्या आणि वरच्या मालाच्या किलोच्या भावात जवळजवळ दुपटीचा फरक.

नवरा म्हणतो, रंग तोच, किसणीवर कीसही तसाच पडतो, पास्त्यावर गेल्यावर कोण बघतंय? म्हणून पाहुणे आले असताना तिन्ही आणली आणि नाव न सांगता सगळ्यांना चाखायला दिली. नुसता तुकडा खाताना पार्मिजानो सगळ्यांनी वेगळं काढलं, अगदी आयुष्यभर चीज म्हणजे क्यूब एवढंच बघितलेल्या सासूबाईंनीसुद्धा. ग्राना आणि बिननावाचं यांत मात्र गोंधळ उडाला. आणि टोमॅटोच्या सॉसवर किसून घातल्यावर तर कुणालाच काही सांगता येईना.

तर जाणकारांनी सांगावं, हे जास्तीचे पैसे नक्की कशाचे? आणि कुठे स्वस्तातलं वापरलं तर चालून जातं?

सातारी_बाणा

नावाचे पैसे हो ताई, दुसरं काय! दूध ते दूध. इटलीतल्या गाई काय वेगळं देतात? निळा-सोनेरी कागद, चीजच्या गोल चाकावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव, की झाला भाव डबल.

झणझणीत

+१ बाणा

पो_काठचा

बाणासाहेब, जरा दमानं घ्या. मी नोकरीनिमित्त इटलीत रेज्जो एमिलियात आहे. इथे गावोगावी पार्मिजानो बनवणाऱ्या छोट्या डेऱ्या आहेत, त्यांना 'कझेइफीचो' म्हणतात. पहाटे गेलात तर बघूही देतात.

संध्याकाळचं दूध उथळ हौदांत रात्रभर ठेवतात आणि वर आलेली साय काढून घेतात. सकाळी त्यात सकाळचं ताजं दूध मिसळतात. दूध निरसं, पाश्चराइझ केलेलं चालत नाही. मग उलट्या घंटेच्या आकाराच्या तांब्याच्या कढईत ते तापवून आदल्या दिवशीच्या चीजची निवळी विरजण म्हणून घालतात आणि दूध धरायला वासराच्या जठरातलं रेनेट. दूध धरलं की तारांच्या मोठ्या रवीने त्याचा तांदळाच्या कणीएवढा चुरा करतात आणि ५५ अंशांपर्यंत शिजवतात. तळाशी बसलेला गोळा कापडात उचलून दोन भाग करतात, एका कढईची दोन चाकं. पुढे साधारण वीस दिवस मिठाच्या पाण्यात आणि मग किमान १२ महिने फळीवर. वर्ष झालं की तपासनीस येऊन प्रत्येक चाक छोट्या हातोडीने ठोकतो आणि कान लावून ऐकतो. आत पोकळी किंवा भेग असेल तर आवाज बदलतो. त्या परीक्षेत पडलेल्या चाकावरचं नाव खरवडून टाकतात.

आता हिशेब. एका चाकाला साधारण ५५० लिटर दूध लागतं आणि तयार चाक ४० किलोच्या आसपास भरतं. म्हणजे किलोला तेरा-चौदा लिटर. तुमच्या साताऱ्याच्या संकलन केंद्रावरच्या दराने तेवढ्या दुधाचे पैसे काढा, त्यावर वर्ष-दोन वर्षांचं गोदाम, चाकं पुसणं-उलटणं आणि तोवर अडकलेलं भांडवल चढवा. हे भांडवल इतकं खरं आहे की क्रेदितो एमिलियानो नावाची इथली बँक चीजची चाकं तारण ठेवून कर्ज देते. चाकं बँकेच्याच गोदामात मुरत पडतात.

आणि हे कुठेही करून चालत नाही. पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना हे तीन जिल्हे पूर्ण, बोलोन्याचा रेनो नदीच्या पश्चिमेचा भाग आणि मांतोव्हाचा पो नदीच्या दक्षिणेचा भाग, एवढंच. नदी ओलांडून उत्तरेला गेलात की त्याच मांतोव्हा जिल्ह्यात ग्राना पादानो बनतं.

अवांतर: इथल्या गोठ्यांत दूध काढणारे निम्मेअधिक चेहरे आपल्याकडचेच वाटावेत इतके पंजाबी लोक आहेत. जवळच्या नोव्हेल्लारा गावातला गुरुद्वारा म्हणूनच एवढा मोठा.

कढीलिंब

बापरे, हातोडीचं माहीत नव्हतं. पण मग ग्राना स्वस्त का? तेही इटलीतलंच, तेही नावाला संरक्षण असलेलंच. दोघांच्या पाकिटावर लाल-पिवळा गोल शिक्का सारखाच दिसतो.

दुधाळ_रसायन

दुग्धशाळेत बरीच वर्षं घालवली आहेत, म्हणून तोंड घालतो.

शिक्का एकच, दोघांनाही तो युरोपीय संघाकडून १९९६ मध्ये मिळाला. पण नियमावली वेगळ्या, आणि सगळ्यात मोठा फरक चाऱ्यात आहे. आपल्याकडे हल्ली मक्याचा मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा) जागोजागी दिसतो. ग्राना पादानोच्या गाईंना मुरघास चालतो. पार्मिजानोच्या गाईंना साफ बंद, फक्त गवत, सुका चारा आणि ठरावीक खुराक.

कारण शास्त्रीय आहे. मुरघासातून क्लॉस्ट्रिडियम टायरोब्युटिरिकम या जिवाणूचे बीजाणू दुधात उतरतात. ताज्या चीजला त्यांचा त्रास नाही. पण महिनोन्महिने मुरणाऱ्या चाकात ते उशिरा जागे होतात, वायू सोडतात, ब्युटिरिक आम्ल बनवतात. चाक आतून फुगतं, तडकतं, वास येतो. म्हणून ग्राना पादानोत लायसोझाइम घालायला परवानगी आहे, त्याने हे जिवाणू आटोक्यात राहतात. पार्मिजानोत असलं काहीच घालता येत नाही. दूध, मीठ, रेनेट, संपलं. मग चाराच सांभाळावा लागतो आणि तो महाग पडतो.

शिवाय ग्रानाचं क्षेत्र पो नदीच्या खोऱ्यात कितीतरी मोठं आहे आणि ते ९ महिन्यांत बाजारात येऊ शकतं. तीन महिने आधी पैसे सुटले की भावात फरक पडणारच.

तुळशीवृंदावन

एक मिनिट. हे लायसोझाइम कशापासून काढतात?

दुधाळ_रसायन

अंड्याच्या पांढऱ्यापासून. ॲलर्जीच्या कारणाने पाकिटावर लिहिलेलं असतं, बारीक अक्षरांत.

तुळशीवृंदावन

म्हणजे चीजमध्ये अंडं, आणि वर वासराच्या पोटातलं रेनेट! मी लंडनमध्ये इतकी वर्षं व्हेज रिझोतो (चीज घातलेला इटालियन भात) म्हणून काय काय खाल्लं असेल देव जाणे. मग आमच्यासारख्यांनी खायचं काय?

पो_काठचा

ताई, स्पष्टच सांगतो. पार्मिजानो, ग्राना आणि मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो रोमानो ही तिन्ही शाकाहारी असूच शकत नाहीत. पहिल्या दोघांत वासराचं रेनेट नियमानेच आहे, पेकोरिनोत कोकराचं. हॉटेलवाल्याने 'व्हेज पार्मिजानो' सांगितलं तर दोन्हीपैकी एक शब्द खोटा. (लायसोझाइमपुरतं म्हणाल तर ग्रानाचा त्रेंतिनोतला भाऊ त्रेंतिनग्राना ते वापरत नाही, पण रेनेट आहेच.)

म्हणजे या धाग्यात तुमच्यासाठी 'स्वस्तातली नक्कल' हीच खरी निवड ठरते.

दुधाळ_रसायन

इंग्लंडात असाल तर ट्वाइनहॅम ग्रेंज बघा. ससेक्समध्ये बनतं, शाकाहारी रेनेटचं, पार्मेझानच्या (पार्मिजानोचं इंग्रजी नाव) धाटणीचं. तिथल्या बहुतेक मोठ्या दुकानांच्या स्वतःच्या लेबलवर 'इटालियन पद्धतीचं कडक चीज' असतं, त्यावर शाकाहारी असं लिहिलंय का तेवढं पाहायचं. जर्मनीत 'मिक्रोबिएलेस लाब', म्हणजे सूक्ष्मजीवांपासूनचं रेनेट, असे शब्द शोधा. नुसतं 'लाब' लिहिलं असेल तर प्राण्याचंच असण्याची शक्यता धरून चाला.

आणखी एक प्रकार असतो, सूक्ष्मजीवांकडून किण्वनाने बनवून घेतलेलं कायमोसिन, म्हणजे रेनेटमधलं दूध धरवणारं विकर. अमेरिकेत त्याला १९९० मध्ये मान्यता मिळाली आणि आज तिथलं बरंचसं चीज त्यावरच चालतं. त्यात वासरू नाही.

जर्सीकर

आला का अमेरिकेचा विषय! इथे 'पार्मेझान' हे नाव कुणीही लावू शकतं, पण म्हणून सगळं रामभरोसे नाही. सरकारी व्याख्या आहे: निदान १० महिने मुरलेलं, ओलावा ३२ टक्क्यांच्या आत. विस्कॉन्सिनमधल्या चांगल्या कारखान्यांचा तुकडा घ्या, पाश्चराइझ्ड दुधाचा असतो, चव थोडी गोडसर आणि सरळ, अस्सलची खोली नाही. पण लझान्यात, सूपमध्ये, लसणाच्या पावावर काहीही अडत नाही. मी घरी तेच वापरतो आणि मला त्याची लाज वाटत नाही.

भानगड तुकड्यात नसून किसलेल्या डब्यात आहे. गोळे होऊ नयेत म्हणून त्यात सेल्युलोजची (वनस्पतींच्या तंतूंची) पूड घालतात. दोन-चार टक्के समजू शकतो. २०१६ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने दुकानातले काही डबे प्रयोगशाळेत तपासून घेतले, तेव्हा एकात ते ८.८ टक्के निघालं. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातल्या एका कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. पार्मेझान म्हणून जे विकत होते त्यात पार्मेझानच नव्हतं, इतर स्वस्त चीजचा कीस होता.

सातारी_बाणा

घ्या, म्हणजे माझंच खरं. अमेरिकेत पार्मेझान म्हणून काहीही विकलं जातं, लोक खातात, कुणी मरत नाही.

पो_काठचा

मरत नाही, पण फसतं. युरोपात म्हणूनच यावर खटला झाला. जर्मनीचं म्हणणं तुमच्यासारखंच होतं, की 'पार्मेझान' हे आता किसायच्या कडक चीजचं सर्वसाधारण नाव झालंय. २००८ मध्ये युरोपीय न्यायालयाने ते मानलं नाही. गंमत म्हणजे जर्मनीविरुद्धची तक्रार मात्र फेटाळली, कारण जर्मन सरकारने स्वतःहून दुकानांवर धाडी घालाव्यात असं बंधन नाही असं ठरलं. पण नावाचा निकाल लागला. कढीलिंबताईंच्या दुकानातल्या खालच्या फळीवर मोघम 'कडक चीज' लिहिलेलं असतं त्याचं कारण हेच. तिथे पार्मेझान लिहिलं तर आत पार्मिजानो रेज्जानोच हवं.

जर्सीकर

आपल्या हापूससारखंच की. देवगडच्या पेटीत दुसरीकडचा आंबा भरला तर चीड येते. पण आमरसात अर्धा पायरी घातला तर कोणी ओरडत नाही, उलट रस दाट होतो.

झणझणीत

हापूसला मध्ये आणू नका, धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल.

कढीलिंब

हाहा. पण खालच्या फळीवरच्या त्या चीजचं दूध कुठलं हे कसं ओळखायचं? पाकिटावर इटलीचा झेंडा तर मोठा छापलाय.

दुधाळ_रसायन

झेंडा विसरा. पाकिटाच्या मागे लंबगोल शिक्का शोधा, त्यात देशाची दोन अक्षरं असतात: इटलीची आयटी, जर्मनीची डीई, चेकची सीझेड. तोही पूर्ण पुरावा नव्हे, कारण जिथे शेवटची प्रक्रिया किंवा पॅकिंग झालं तिथला तो शिक्का असतो. म्हणजे चीज एका देशात बनून दुसऱ्या देशात कापलं-भरलं गेलेलं असू शकतं.

पण परदेशी दूध म्हणजे वाईट माल असं समजू नका. ब्रात्साले हे इटलीतलं जुनं चीज घराणं ग्रान मोराव्हिया नावाचं चीज चेक देशात लितोव्हेलला बनवतं आणि इटलीत आणून मुरवतं. लिथुएनियाचं जुगास ४८ महिन्यांपर्यंत मुरवलेलं मिळतं आणि चवीला झकास असतं. इटालियन असल्याचा आव आणत नाही हे त्यातलं मला सगळ्यात आवडतं. अर्जेंटिनात गेलेल्या इटालियन लोकांनी तिथे रेज्जानितो काढलं, चाक लहान असल्याने लवकर तयार होतं. तेही किसायला उत्तम.

माझ्या मते दुकानात उभं राहून आधी महिने बघा. महिने लिहिलेच नसतील तर कमीत कमी मुरलेलं समजा.

पोळपाट_लाटणं

मुरण्याने नक्की होतं काय? आणि ते दाताखाली कचकच करणारे पांढरे कण म्हणजे मीठ ना?

दुधाळ_रसायन

मीठ नाही. दुधातली प्रथिनं महिनोन्महिने तुटत जातात आणि त्यांची अमिनो आम्लं सुटी होतात. त्यातलं टायरोसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, त्याचे स्फटिक होतात, तेच ते कण. दुसरं सुटं होतं ते ग्लुटामेट, ज्याच्यामुळे जिभेवर ती भरगच्च चव रेंगाळते. चांगल्या मुरलेल्या पार्मिजानोत दर १०० ग्रॅममागे ते हजार मिलिग्रॅमच्या वर जातं. कढीलिंबताईंच्या पाहुण्यांनी नुसता तुकडा ओळखला तो यामुळेच. आणि सॉसवर ओळखला नाही त्याचंही कारण हेच: पिकलेल्या टोमॅटोत ग्लुटामेट आधीच भरपूर असतं, मग चीजमधलं कमीजास्त झालेलं कळत नाही. बटर-पास्ता किंवा साधा रिझोतो करून पुन्हा चाचणी घ्या, निकाल बदलेल.

जाता जाता, दूध पचत नाही त्यांनी घाबरू नये. सुरुवातीच्या काही तासांतच जिवाणू लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, संपवून टाकतात.

कढीलिंब

हे टोमॅटोचं कारण एकदम पटलं! नवऱ्याला दाखवते.

रोमचा_राजू

पेकोरिनोला कुणी विचारतच नाहीये! ते मेंढीच्या दुधाचं, नाव रोमचं पण बनतं बहुतेक सार्डिनिया बेटावर. अनेक ठिकाणी पार्मिजानोपेक्षा स्वस्त पडतं आणि तिखट-खारट असल्यामुळे थोडंसंच लागतं. काचो ए पेपे (चीज-मिऱ्याचा पास्ता) करायचं तर हेच हवं, तिथे गाईच्या दुधाची स्वस्त नक्कल लगेच उघडी पडते.

आणि त्याच्या गुठळ्या होतात म्हणून रडणाऱ्यांसाठी: इटालियन भौतिकशास्त्रज्ञांच्या एका गटाने यावर रीतसर शोधनिबंध लिहिला आणि २०२५ चं इग नोबेल (गमतीशीर संशोधनाला मिळणारं बक्षीस) मिळवलं. सार एवढंच की चीजच्या वजनाच्या दोन-तीन टक्के स्टार्च असला तर सॉस फाटत नाही. थोड्या पाण्यात कॉर्नफ्लोअर शिजवून थंड करा, त्यात चीज घोटा आणि आच मंद ठेवा.

तुळशीवृंदावन

राजू, त्यातही कोकरू आहेच ना. पुढच्या धाग्याला भेटू.

भरली_वांगी

पुण्यातून लिहितेय. तुम्ही सगळे दुप्पट भावावर भांडताय, इथे आयात केलेल्या तुकड्याची किंमत बघूनच मी पुढच्या कप्प्याकडे वळते. भारतात बनलेलं पार्मेझान हल्ली मिळतं, छोटे उत्पादक बरं बनवतात. बहुतेकांचं रेनेट शाकाहारी असतं, हिरवा ठिपका बघून घ्यायचा. पण प्रत्येक वेळी माल सारखा निघत नाही, कधी छान भुसभुशीत तर कधी रबरासारखा.

एक मात्र करू नका, आपल्या नेहमीच्या प्रोसेस्ड चीजचा क्यूब किसून 'तेच ते' म्हणू नका. ते इमल्सिफायर क्षार (चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे) घालून वितळवून पुन्हा थापलेलं असतं. सँडविचला लाजवाब, पण पास्त्यावर त्याची नुसती साय धरते. ते नसेल तर बदाम किंवा अक्रोड भाजून, भरड करून, मीठ-लसूण घालून वरून भुरभुरवा. चीज नाही, पण निदान खोटं तरी नाही.

सातारी_बाणा

बरं, दूध आणि गोदामाचा हिशेब मान्य. पण लझान्यात कोणी ३० महिन्यांचं घालत असेल तर त्याला माझा कोपरापासून नमस्कार.

पो_काठचा

इथले लोकही घालत नाहीत बाणासाहेब! घरी स्वयंपाकाला १२-१८ महिन्यांचं किंवा सरळ ग्राना वापरतात. जुनं असेल ते जेवणानंतर तुकडे करून, नाशपतीबरोबर किंवा मोदेनाच्या जुन्या बाल्सामिक व्हिनेगरचे दोन थेंब टाकून. तेही सुरीने कापत नाहीत, बदामाच्या आकाराचं आखूड पातं खुपसून फोडतात, म्हणजे कण जिथे तुटायचे तिथे तुटतात.

आणि अस्सलची एक वसुली कुणी धरलीच नाही: साल. पार्मिजानोच्या सालीवर मेण किंवा प्लास्टिक नसतं. बाहेरून खरवडून, धुऊन सूपमध्ये टाका, तासभर शिजू द्या. राजमा-छोल्यातही चालते. स्वस्त तुकड्यांत कधी साल कापूनच टाकलेली असते, कधी वर लेप असतो, तो शिजवायचा नाही. पाकिटावर बघून घ्या.

जर्सीकर

किसलेलं विकत घेणाऱ्यांसाठी पुरवणी: किसलेल्या पार्मिजानोतही साल असते, नियमाने १८ टक्क्यांपर्यंत चालते. त्यामुळे किसणी घ्या, तुकडा घ्या.

पोळपाट_लाटणं

मोठा तुकडा स्वस्त पडतो म्हणून घेतला तर टिकतो का? फ्रीझरमध्ये टाकू?

दुधाळ_रसायन

अख्खा तुकडा गोठवू नका, नंतर हातात भुगा येतो. जेवढं सॉसमध्ये जाणार तेवढं किसून गोठवा आणि न वितळवता थेट गरम भांड्यात घाला. बाकीचं बटर पेपरात गुंडाळून डब्यात, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. वरून हिरवी बुरशी आली तर तेवढा भाग जाड कापून काढा, कडक चीजमध्ये ती सहसा खोल जात नाही.

कढीलिंब

उद्या बटर-पास्त्याची दुसरी फेरी आहे. नवऱ्याने अट घातलीय की या वेळी ताटल्या तो लावणार.